पाच वीसचा आकडा

शाळा सुटते पाचला. चावी माझ्याकडे.
आधी मी पाच पाचला कुलूप लावून
पाच दहाला स्टँडवर चहा प्यायचो.
मार्चात हेडसरांचा कागद आला:
प्रयोगशाळेशेजारची खोली
साडेसहापर्यंत उघडी ठेवावी.

अडावदला योजना नव्या नाहीत.
येतात, फोटो काढतात,
बॅनरच्या आम्ही ताडपत्र्या करतो.
ही पण तशीच, म्हटलं.
भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं:
पाच दहा, पाणी आणि मुरमुरे.
पाच वीस, आकडा.
मी म्हटलं, मॅडम, आकडा तर
पानटपरीमागे लावतात, शाळेत कशाला?
निर्मला मॅडम हसल्या. म्हणाल्या, बसा तुम्ही पण.

आकडा म्हणजे आतलं तापमान.
बाहेर बेचाळीस असो की किती असो,
तुझ्या आत आज किती, ते सांगायचं.
का, ते सांगायलाच पाहिजे असं नाही.
तेजल कोळी म्हणाली, सत्तेचाळीस, झळा लागतायत.
भाग्येश म्हणाला, अठ्ठावीस, पण लाईट गेलीय.
वेदांत रोज पन्नास सांगायचा.
मग एकदा उठून म्हणाला,
खरं सांगू? माझं पस्तीसच असतं,
पन्नास पप्पांचं असतं.
कोणी हसलं नाही.
हसायचं नाही, हे भिंतीवर लिहिलंच होतं,
पण त्यामुळे हसले नाहीत असं मला वाटत नाही.

गुमान बारेला मात्र
माहीत नाही, म्हणायचा.
मॅडम वहीत लिहायच्या: माहीत नाही.
मंगळवारी चिखलाचे बैल केले, माहीत नाही.
गुरुवारी खो-खोत सगळ्यांना बाद करून
धापा टाकत, माहीत नाही.
उन्हाळ्याची सुट्टी गेली, पोळा गेला, दिवाळी गेली.
त्याच्या नावापुढे दर वेळी
तेवढंच नीट अक्षर.
तीस वर्षं मी हजेरीपट वाहिले वर्गावर्गांत,
न आलेल्या उत्तराला एवढी जागा
कुणी ठेवलेली पाहिली नव्हती.

डिसेंबरात सातपुड्यावरून वारा उतरला.
गावात ज्याच्या त्याच्या तोंडी केळी:
निसवण अडकली, घड बाहेर येईना.
त्या दिवशी गुमान म्हणाला,
'चार.'

ट्यूबलाईटचा आवाज ऐकू आला.
मॅडमही लगेच बोलल्या नाहीत.
मग तेजल, शेजारच्या वावराबद्दल बोलावं तशी,
'चारमध्ये घड अडकतो रे.
आमचे आबा रात्रीचं पाणी सोडतात,
बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात.
पहाटेपर्यंत विझू देत नाहीत.'
'मग जागतं कोण?' गुमाननं विचारलं.
'आळीपाळीनं,' ती म्हणाली.
भाग्येशनं आपलं बसकर त्याच्याजवळ सरकवलं.

पुढचं मी सांगणार नाही.
खोलीतलं खोलीत, हेही भिंतीवर आहे.
दुसऱ्या दिवशी त्याचं नऊ होतं,
पुढच्या आठवड्यात परत सहा.

कुलूप लावताना मॅडमनी विचारलं,
काका, तुमचं किती?
माझं काय, म्हटलं, उशीर झाला.
पण सायकलवर तेच डोक्यात,
पुलापर्यंत एक आकडा, पुलानंतर दुसरा.

घरी ती भाकरी थापत होती.
म्हटलं, तुझं किती आज?
'कितलं काय?' मागे न बघताच.
आतलं, मी म्हटलं.
तिचा हात परातीत थांबला.
तव्यावरची भाकर करपायला लागली,
ती मी उलटवली, बोट भाजलं,
आणि काही न बोलता बसून राहिलो,
मॅडम बसतात तसा.