तीनशे सदतिसावी जागा

कुरिचिबात जूनचं धुकं अरौकारियाच्या फांद्यांना लोंबतं
आणि मी टाचांची वाट बघते.
टाचा म्हणजे कागदावरचे रक्ताचे गोल डाग,
परानाभरच्या नवजातांचे,
कडेला आईचं नाव, घाईच्या अक्षरात.

आज त्यातली एक टाच समोरच आहे, लोकरी मोज्यात.
लापा गावची निल्सेया, कुशीत मायारा,
कोटाच्या खिशात भाजलेल्या पिन्याँवच्या बिया.
विचारते : बिघडलंय म्हणजे नेमकं काय?

मी सांगते : एका पेशीच्या दोन होण्याआधी
सगळी पोथी नकलून काढावी लागते.
कधी उन्हानं, कधी धुरानं, कधी उगाचच
एखादं पान फाटतं.
एरवी या प्रथिनाला कुणी टिकू देत नाही,
जन्मतं, लगेच मोडलं जातं.
फाटल्याची वर्दी आली, की ते मोडेनासं होतं,
साचतं,
आणि दुसऱ्या एकाला धाडतं :
जा, लेखनिकाचा हात धर.
ओळ अर्धी राहू दे.
आधी सांधा.
सांधलं नाहीच, तर ती पेशी
मुकाट्यानं आपलं आवरून घेते.

मग?

मग, हे एकट्याचं काम नव्हे. चौघं लागतात.
खांदा द्यायला लागतात तशी,
चार रेणू एकमेकांत अडकून.
मायाराच्या चौघांत कधी एक, कधी दोन असे,
ज्यांच्या तीनशे सदतिसाव्या जागी मणी बदललाय.
पेशीतला आंबटपणा जरा उतरला
की पकड सुटते.
दर वेळी नाही.
पुष्कळजण तोच मणी घेऊन म्हातारे होतात.

कुठून आला हा मणी?
खात्रीनं कुणी सांगत नाही.
काही म्हणतात, खेचरांच्या तांड्यांबरोबर, दक्षिणेच्या वाटेनं,
मुक्कामा-मुक्कामाला थोडा थोडा.

निल्सेया एकदम हसते.
नवऱ्याचा खापरपणजा खेचरं हाकायचा.
पुढं एक घोडी, गळ्यात घंटा.
घोडी थांबली की शंभर खेचरं थांबत,
नदी वाढलेली असो, पूल मोडलेला असो.
बी सोलता सोलता म्हणते :
म्हणजे हिच्या घोडीची घंटा सैल आहे.

मी गप्प. माझ्या तक्त्यात हे वाक्य नाही.

सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, मी लिहून देते.
ती चिठ्ठी बियांच्याच खिशात घालते.
घंटा वाजली नाही, तर म्हणे, कुणीतरी पुढं पायी चालायचं,
हाका मारत.

दारातून धुकं आत येतं.
निघताना ती मोजा वर ओढते,
टाच झाकते.