वारस नोंद

रबाळ्याला, रंगाच्या दोन कारखान्यांच्या मधे
आमची प्रयोगशाळा. मी नळ्या भरते.
या आठवड्यात एका बेवारस हाडाची आई शोधायची आहे.
बाप नाही मिळायचा, साहेबांनी आधीच सांगून टाकलं,
गाभा केव्हाच विरला असणार.
अशा वेळी गाभ्याबाहेरचं ते छोटं कडं तपासायचं,
साडेसोळा हजार अक्षरं, शेपूट तोंडात धरून बसलेली.
आई ते लेकाला देते, लेकीलाही देते.
लेकाकडून ते पुढे जात नाही.

जेवणाच्या सुट्टीत दादाचा फोन.
सिडकोला वारसांचा कागद हवाय,
साडेबारा टक्क्यांतल्या त्या तुकड्यासाठी.
तुझी एक सही, हक्कसोडीवर, बाकी मी बघतो.
मागोमाग व्हॉट्सॲपवर वंशावळ:
हिराजी, हिराजीचा गणू, गणूचे दोन,
माझ्या नावाखाली एक आखूड रेघ, तिच्याखाली कोरं.
आई आहे, ‘मयत गणू याची विधवा’ म्हणून.
आईची आई कुठल्या चौकटीत बसणार!
बायजी. खाडीपलीकडच्या कोपरीची.
दमा होता, आणि कालवं फोडताना शिव्या द्यायची म्हणे.
एवढंच उरलंय तिचं, घरात कुणालाही विचारा.

संध्याकाळी वाशीगावात आई पायरीवर बसून
पुलाच्या खांबांवरून खरवडून आणलेले शिनाणे उघडत होती.
कोयतीचं टोक, एक मुरड, टक्.
आत केशरी निघालं की डाव्या टोपात, ‘ही बायको.’
दुधाळ निघालं की उजव्या, ‘यो दादला.’
चव वेगळी लागते का गं?
‘नाय गो. माजे आयशीची खोड.’

मी तिला म्हटलं, शिंपल्यांच्या काही जातींत
बापही देतो आपलं कडं, पण फक्त लेकाला.
आईचंही असतंच त्याच्यात. दोन घराणी एका कवचात,
आणि कधी नक्कल होताना
धागा या कड्यावरून त्या कड्यावर घसरतो,
आईचं अर्धं वाक्य बापाच्या तोंडून पुरं होतं.
हे शिनाणे तसे आहेत का, मला माहीत नाही.
आई म्हणाली, ‘मंग त्यांचा पन सातबारा असंल.
लेकीचं नाव हाय का त्याच्यावर?’

ताटात काकडीची कोशिंबीर होती.
काकडीचं आणखीनच निराळं,
हिरवेपण आईकडून, आतली धग बापाकडून.
झाडं तर ही अक्षरं सारखी मोडतात, जोडतात,
गोधडी उसवून पुन्हा शिवावी तशी,
एखादा टाका चुकला की परागच वांझ.
कांद्याचं बी विकणारे नेमके त्या चुकल्या टाक्याच्या शोधात असतात.
हे मी सांगितलं नाही. आई काटे काढत होती.

सही केली नाही.
करणार नाही, असंही कळवलं नाही.

सोमवारी हाडाचा निकाल आला.
अक्षर न् अक्षर जुळत होतं, यादीतल्या एका ओळीशी.
ही यादी आम्हा नळ्या भरणाऱ्यांचीच,
चूक पकडता यावी म्हणून फायलीत लावून ठेवलेली.
चौथी ओळ. हर्षला गणू नाखवा.
बोटाची कातडी, शिंतोडा, मोजा ओढताना काहीतरी.
साहेबांनी लाल पेनाने लिहिलं, दूषित, पुन्हा करा.
हाडाची आई राहिलीच.

मी मोजे बदलले. मग त्या नळीचा कागद काढला
जिच्यात आम्ही मुद्दाम कुणालाच घालत नाही,
नुसतं पाणी, बाकीच्या खऱ्या आहेत हे कळावं म्हणून.
तिच्यातही तीच.
कोपरीची बायजी,
चारशे अक्षरं, पहिल्यांदाच छापील.