मोजणी

पाणी सकाळी दहा अंशांवर असतं.
दात वाजतात, मग वाजायचे थांबतात,
तेव्हा समजायचं, आता उतरायला हरकत नाही.
वर बोटीवर एलिएसेर कॉम्प्रेसरपाशी बसतो,
पिवळ्या नळीतून मला हवा सोडतो,
डिझेलचा वास लागलेली.

काम सोपं आहे.
पिंजऱ्याच्या तळाशी जायचं,
मेलेले सामन पिशवीत भरायचे,
वर येऊन आकडा सांगायचा.
काल दोनशे चौदा.
परवा एकोणनव्वद.
ज्या मंगळवारी पाणी हिरवं झालं
त्या दिवशी आकडा कोणी विचारला नाही,
फक्त आणखी पिशव्या मागवल्या.

फॉर्मवर एक प्रश्न होता:
पूर्वी कोणत्या आंदोलनात सहभाग?
मी लिहिलं, पोहता येतं.
साहेब हसला. त्यालाही माहीत होतं,
पुलावर टायर जळत होते तेव्हा
सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी
रुमुआल्दा गेन्तेओ कोण ते.
हातमोज्यांचं माप विचारलं त्यानं,
आणि म्हणाला, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.

मान्य.
पण कुठल्या घरचे?
आमचं घर लाकडी खांबांवर उभं आहे,
भरतीला समुद्र जमिनीखालून आत येतो,
चुलीखाली त्याचा आवाज ऐकत मी मोठी झाले.
चाळीस वर्षं त्याचंच खाल्लं:
शिंपल्या, शेवाळ, आजारपणात माशाचं पाणी.
गेली दोन वर्षं कंपनीचं.

पहिल्या सहा पगारांतून
आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, कास्त्रोला नेऊन.
पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी
वेलीची टोपली घेऊन ती ओहोटीला गेली,
आणि अर्ध्या तासात परत आली.
टोपलीत सात शिंपल्या, एक निळा दोर.
दोर तिनं टेबलावर सरळ करून ठेवला,
हातानं मोजल्यासारखा.
म्हणाली, हे इतके निळे असतात होय.
बाकी काही नाही.
मी बटाटे सोलत राहिले.

पिंजऱ्याच्या खाली अजून वीस मीटर समुद्र आहे.
तिथं जायचे पैसे मिळत नाहीत.
एकदा सुटीच्या आदल्या दिवशी
मी दिवा घेऊन खाली गेले.
तळ काळा होता, काजळीसारखा,
त्यावर पांढुरकी साय धरलेली;
माशांनी न खाल्लेलं खाद्य
आणि खाल्लेल्याचं जे होतं ते.
बोट घातलं तर कोपरापर्यंत हात गेला,
काही लागलंच नाही.
एक खेकडा होता.
मला वाटलं लपलाय.
नांगी धरून उचलला तर
आतून रिकामा, हलका,
कुणाच्या तरी विसरलेल्या हातमोज्यासारखा.

एलिएसेरच्या वहीत रकाने आहेत:
तारीख, पिंजरा, मेलेले, सही.
खेकड्याचा रकाना नाही.
त्या दिवशी मासे ब्याण्णव होते.
मी त्र्याण्णव सांगितले.
त्यानं लिहिले.

सोडायचं म्हटलं तर सोडता येईल.
पण छपराचे नवे पत्रे अजून उधारीवर आहेत,
आईचा दुसरा डोळा बाकी आहे,
आणि मी सोडलं तर
उद्या त्या नळीच्या टोकाला
शेजारच्या निबाल्दोचा एकोणीस वर्षांचा मुलगा असेल,
ज्याला अजून नीट श्वास सोडता येत नाही.
हे कारण आहे की सबब,
मी ठरवलेलं नाही. पाण्याखाली
दोन्ही सारखंच जड लागतं.

ठरवलंय एवढंच:
रोज जितके निघतील
त्यात एक मिळवायचा.
साहेब म्हणतो, तुमच्या पाळीचा हिशेब
फॅक्टरीच्या हिशेबाशी जुळत नाही,
नेहमी एकाचा फरक.
मी म्हणते, थंडीत बोटं बधिर होतात.
पुन्हा मोजायला सांगितलं तर
पुन्हा मोजते.