गाडी पंक्चर, चाळीस मिनिटं

मंडईचं नाटक दहाचं.
अकरा वाजून गेले तरी हिरोइनीची गाडी
नागभीडच्या अलीकडं पंक्चर.
टिनांच्या मंडपात तणसावर दोन हजार माणूस,
शाली डोक्यावरून घेतलेला, शिट्ट्या मारणारा.
सेक्रेटरी माझ्या तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून म्हणाला,
"पतिरामले सांग, काहीतरी वाजव."

पतिराम खोब्रागडे. वय एकाहत्तर.
ऑर्गनच्या मागं बसतो चार जाड तारांची गिटार घेऊन,
लावणीच्या वेळी कोणालाच दिसत नाही.
बावीस वर्षं जहाजावर होता म्हणतात,
कुठल्याशा बंदरात एका न्हाव्याच्या दुकानात
हे शिकला म्हणतात.
आम्ही विचारलं नाही,
आणि बोलणं त्याच्या बोटांतच संपून जातं.

पण नागपूरची चार पोरं दोन गाड्यांवर आली होती,
दरवर्षी येतात, पुढची गादी घेतात.
चौघांत मिळून त्याची एक जुनी कॅसेट आहे.
मी एकदा विचारलं, नाटक आवडते का तुमाले?
म्हणाले, काका, आम्ही लावणीच्या खालचं ऐकायला येतो.

त्यानं पहिला सूर सोडला
आणि ती चौघं उभी राहिली, ओरडली नाहीत.
एकानं चष्मा काढून खिशात ठेवला,
भांडणाच्या आधी ठेवतात तसा.

रोशन ऑक्टोपॅडवर.
पहिली मात्रा रिकामी,
दुसरी रिकामी,
तिसरीवर धप्पकन पडायचा,
भरल्या बोडीत म्हैस बसावी तसा.
मग पतिरामनं भुवई उडवली
आणि मिक्सरवर लोमेशनं ऑर्गन बंद केला.
उरलं फक्त खालचं.
मध्येच ऑर्गनचा एकच तुकडा बाहेर फेकला,
तो टिनावरून, कापलेल्या धानाच्या बांध्यांवरून
अंधारात निघून गेला,
परत आला,
थोडा बारीक होऊन पुन्हा आला.
मागून कोणी ओरडलं, "गाणं म्हणा ना बाप्पा!"
लोमेशनं तेही माइकात पकडलं.
बाप्पा… बाप्पा… प्पा…
हसण्याची लाट गेली मंडपातून,
आणि ओरडणारा पुढं सरकून बसला.

सत्यशीला भजेवालीनं झारा थांबवला.
कढईतल्या तेलावर गोल गोल वळी उठत होती.
"जाळ तर कमी केला मी," एवढंच म्हणाली.
राइसमिलचे देवरावजी मानेनंच सांगत होते की
पट्टा ढिला आहे, पट्टा ढिला आहे,
पण त्यांचा उजवा पाय ऐकत नव्हता.
पोरं डब्यासमोर दात दाबून बसली,
कोणाचा दात जास्त हलतो म्हणून पैज.
छपराचा एक स्क्रू निसटून
सरपंचाच्या मांडीवर पडला.
त्यांनी तो मुठीत धरून ठेवला, शेवटपर्यंत.

फक्त सुकरू नैताम अस्वस्थ.
साठ वर्षं दंडारीत मृदंग वाजवलेला माणूस,
गुडघ्यावर बोटं उचलून धरलेली, टेकवीना.
"सम कोठी गेली गा?"
मला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं.
शेवटी उठला, थेट रंगमंचाच्या कडेला गेला,
"अबे पतिराम, सम कोठी ठेवली?"
पतिराम वाजवतच राहिला.
हसला, वरचे दोन दात नव्हते,
आणि पायाच्या अंगठ्यानं
फळीवरची एक रिकामी जागा दाखवली.

सुकरू ती जागा बघत राहिला.
मग आपला हात तिथं ठेवला, तळवा खाली.

हिरोइन कधी आली कळलंच नाही.
विंगेत एका गालाला रंग लावून उभी होती,
डबी तशीच उघडी.

साडेबाराला नाटक लागलं.
मधल्या अंकात नागपूरची पोरं निघून गेली,
निघताना गाड्या ढकलत नेल्या डांबरीपर्यंत,
इंजिन सुरू न करता.
पहाटे पाचला लोक उठले, तणस झटकलं.
बांधावरून सुकरू एकटाच चालला होता,
दोन पावलं टाकायचा, थांबायचा,
जणू पुढं खड्डा आहे.
मी हाक मारली, तर हातानंच म्हणाला, थांब.

हिशोबाच्या वहीत सेक्रेटरीला दाखवायला लिहिलं:
गाडी पंक्चर, चाळीस मिनिटं. जादा खर्च नाही.
स्क्रू एक.