झांज

जूनमध्ये आठवी ब-त आले, तेव्हा
हजेरीत माझं नाव सगळ्यांच्या खाली, वेगळ्या शाईत.
"कुठली गं तू?"
"जतची."
"ते कुठे आलं?"
मग कुणी काहीच विचारलं नाही.

मस्करेन्हस सरांनी बिगुल दिला नाही, ड्रमही नाही.
झांजेची जोडी दिली, पट्ट्याच्या जागी सुतळी.
"तीन मोजायचे गप्प. चौथ्याला वाजव."
गप्प राहणं मला जमत होतंच.

सव्वीस जानेवारीची तालीम.
कन्नमवार नगर, दूधकेंद्र, इस्त्रीवाला,
पायाखाली हलणारा एक पेव्हर ब्लॉक,
आणि मी वाजवली पाचव्याला.

अख्खी रांग अडखळली. इस्त्रीवाला हसला.
पुढे मोठा ड्रम पोटावर घेतलेली संघमित्रा
मागे न बघता म्हणाली,
"ए जत, परत."

एक.
दोन.