सतरा नंबरचं कार्ड

आठवी ‘ब’च्या पोरांनी
बावीस कोरी कार्डं घेतली,
त्यांना बोटाने व्हॅसलीन फासलं,
थंडीत ओठांना लावतात तेच, हेमांगीच्या आईच्या डबीतलं,
आणि तुर्भ्यात बांधत सुटली:
शाळेच्या फाटकाला, रिक्षा स्टँडमागच्या पिंपळाला,
वजनकाट्याच्या केबिनला,
एक तर चक्क माझ्या स्कूटरच्या आरशाला,
“बाई, तुम्हीपण हवेतूनच येता ना.”

आठ दिवस थांबायचं होतं.
निनाद रोज मधल्या सुट्टीत फाटकाशी जाऊन यायचा
आणि सांगायचा, “बाई, लागतंय हळूहळू!”
जसं काही दह्याला विरजण.

नवव्या दिवशी टेबलावर मांडली.
राखाडी, करडी,
एकावर एक डास, जन्माचा अडकलेला.
वजनकाट्याचं तर असं
की नखाने त्यावर नाव लिहावं.
आणि सतरा नंबर:
पांढरंशुभ्र.
क्रशरला लागून जी वस्ती, तिथलं,
दुर्गा धोत्रेच्या दारातलं.

वर्ग हसला.
“दुर्गीच्या घरी महाबळेश्वर आहे!”
दुर्गा अंगठ्याने फरशी उकरत राहिली.
मी कार्डावरून बोट फिरवलं. कोरडं.
व्हॅसलीनचा मागमूस नाही.
मला वाटलं, कळलं.
बाप क्रशरवर कामाला,
पोर कशाला आपल्याच भाकरीकडे बोट दाखवेल?
मी काही बोलले नाही.
आपण किती समजूतदार, याचं जरा सुखही झालं,
खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो आला.
भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या,
चपला दाराबाहेर,
कुणी सांगितलं नसताना.
“बाई, लेकीला बोलू नका.
शाळंचा कागद, घाण व्हायला लागला,
म्हणून मीच रोज सांजच्याला पुसून ठेवत हुतो.
कायतरी तेलकट लागलं हुतं, तेबी काढलं.”
आणि खांद्यावरचा पंचा
पसरून दाखवला.

वर्गात पंख्याचाच आवाज.
मग निनादने हळूच विचारलं,
“काका, हा द्याल?”

म्हणून वॉर्ड ऑफिसात आम्ही नेली
एकवीस कार्डं आणि एक पंचा,
ड्रॉइंगच्या कागदावर टाचण्यांनी लावलेला,
खाली तन्झीलाच्या अक्षरात:
क्रमांक सतरा. आठ दिवस. घर क्रशरजवळ.

अर्ज लिहिताना भांडण झालं होतं.
अर्धा वर्ग म्हणत होता, क्रशर बंद करा.
दुर्गा फळ्यापाशी गेली,
‘बंद’ तेवढं तळहाताने पुसलं.
पुसण्याची सवय घरचीच.
“पाणी मारा, असं लिहा.
डंपरवर ताडपत्री टाका, लिहा.
कुंपणाला झाडं द्या, आम्ही जगवू, तेपण लिहा.
माझ्या बापाला घरी बसवा
असं मात्र लिहायचं नाही.”

साहेब बरे होते. पोरांना खुर्च्या दिल्या.
म्हणाले, हे काही शास्त्रीय मापन होत नाही.
मग पंचा नाकाजवळ नेला
आणि दोनदा शिंकले.
पोचपावतीवर ते आलं नाही.

टँकर आला. सोमवारी, गुरुवारी.
पुढच्या सोमवारी नाही.
करंजाची अकरा रोपं मिळाली, नऊ जगली.
पोरं रविवारी जाऊन ओल्या फडक्याने
पानं पुसतात, एकेक,
लहान भावंडाचे कान पुसावेत तशी,
चिडचिड करत, पण मागचीसुद्धा बाजू.

आणि कार्डं पुन्हा बांधलीत. बावीसच.
दुर्गा सांगते,
पप्पा कामावरून येतात, दारात थांबतात,
हात नव्या पंच्याकडे जातो,
अर्ध्यात परत येतो.
मग दोन्ही हात पाठीमागे धरून
वाकून
नुसतं बघत राहतात
काय काय लागलंय ते.