घोट्याशी गाठ

फोटोमागं पेन्सिलीनं एवढंच: गुणाजी, १९१७.
बाकीचं आम्ही लिहिलं, तोंडी.
सुभेदार. घोडदळ. बसऱ्याला तलवार गाजवली.
हातातली छडी हुद्द्याची.

गंगावेशीत फ्रेमवाल्यानं
काच बदलायला फोटो बाहेर काढला,
तेव्हा शेजारी सैनिक टाकळीचे तातोबा हवालदार
आपल्या पेन्शनीच्या कागदाला लॅमिनेशन करून घेत होते.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो नाकाशी नेला.
चेहरा पाहिलाच नाही.
सरळ पायांवर उतरले.

"पट्टी बघा. पायदळवाला खालनं वर गुंडाळतो,
गाठ गुडघ्याखाली. ह्यांची घोट्याशी हाय.
जनावराचा माणूस."
घोडा, मी म्हणालो.
"घोडा असता तर टाचंला काटा दिसला असता.
आन् ही छडी न्हवं, चाबूक.
बाहीवर एक फीत न्हाई.
खेचरं हाकली ह्यांनी, दादा.
पाणी, गोळा, जखमी,
समदं ह्यांच्या मागनं चालायचं."

घरी सांगितलं.
आत्या दोन दिवस बोलली नाही.
काका म्हणाले, फ्रेम कर,
पण गुडघ्याच्या वर कापून.

संध्याकाळी वडील स्कूटरला किका मारत होते.
धरेना.
मग त्यांनी जीभ टाळ्याला लावून
तो आवाज काढला, टॉक्, टॉक्,
आजोबा अडलेल्या म्हशीला काढायचे तो,
परवा मी अडकलेल्या लिफ्टमध्ये काढला तो.

स्कूटर काही चालू झाली नाही.
फोटो अजून गंगावेशीतच आहे.
फ्रेमवाल्याला फोन केलाय:
पाय राहू दे.